चार पंचांगांची साक्ष

सयाजी लढाईवरून परत आला तेव्हा त्याच्या छातीवर तीन बिल्ले होते, डाव्या मांडीत गोळीची खूण होती आणि डोक्यात एक भुंगा होता. बिल्ले सगळ्या गावानं पाहिले, मांडी आईनं पाहिली. भुंगा मात्र त्यानं कुणाला दाखवला नाही.

भुंग्याची गोष्ट अशी. चव्वेचाळीस सालच्या मार्गशीर्षात सयाजीला महिन्याची रजा मिळाली होती. चंपाषष्ठीला तो कुंडलला उतरला आणि घरी आला, तर आईनं भरीत-रोडग्याचा नैवेद्य नुकताच दाखवलेला. चार घास गोड लागले, दिवस बरे गेले, रजा संपली आणि गडी पुन्हा इटलीला गेला. तिथं पाडव्याच्या आगेमागे एका नदीच्या बांधावर त्याच्या मांडीत गोळी घुसली, हाड मोडलं आणि महिनोन् महिने इस्पितळात पडून राहायची पाळी आली. तिथंच त्याला घरची खबर मिळाली. नागपंचमीला त्याची बायको अंजना बाळंत झाली, मुलगी झाली, अंगानं चांगली बाळसेदार आहे.

सयाजीनं हरखून बोटं मोजायला घेतली. पौष, माघ, फाल्गुन, चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, आषाढ, श्रावण. आठ. पुन्हा मोजली, पुन्हा आठच. आठव्या महिन्याचं मूल जगत नाही अशी आपल्याकडची समजूत, आणि ही तर म्हणे बाळसेदार! मग तो घरी पोचायच्या आधीच दिवस राहिले असतील तर... इथं त्याचं मन अडलं ते अडलंच. माणूस शूर होता, त्यात वाद नाही. तोफांच्या तोंडी उभा राहिलेला. पण बायकोला एक साधा प्रश्न विचारायचं धाडस त्याच्या अंगात नव्हतं.

सेहेचाळीसच्या माघात तो घरी आला. दारात भाकरतुकडा ओवाळून झाला, पायावर पाणी पडलं, आणि अंजनानं पोर पुढं केली. शालूबाईंनी, म्हणजे सयाजीच्या आईनं, नातीचं नावसुद्धा ठेवू दिलं नव्हतं. लेक जिवानिशी परत आला की त्याच्यासमोरच बारसं करीन, असं त्या देवापुढं बोलल्या होत्या. सगळं घर सयाजीच्या तोंडाकडं बघत होतं. त्यानं पोरीकडं ओझरतं पाहिलं, "आसू दे" म्हणाला आणि टोपी काढायला आत गेला.

त्या दिवसापासून तो घरात कमी आणि गुऱ्हाळावर जास्त. झोपायलासुद्धा तिकडंच. म्हणायला कारण होतं, ऊस तुटून आलाय, राखण पाहिजे. अंजनानं आपल्या मनाशी एक अर्थ लावला. मुलगी झाली म्हणून धन्याचं तोंड वाकडं झालंय. पोरीला न्हाऊमाखू घालताना तिचे हात जरा जास्तच मायेनं फिरायला लागले, आणि नवऱ्यापुढं भाकरीचं ताट जरा जास्तच जोरात आदळायला लागलं.

गुऱ्हाळावर लियाकत होता. पंचक्रोशीत नाव काढलेला गुळव्या. काहिलीतला रस नुसत्या वासावरनं ओळखायचा. लहानपणी दोघं एकाच ओढ्यात डुंबलेले, त्यामुळं सयाजीच्या तोंडून चार शब्द निघायचे ते त्याच्यापुढंच. एका दुपारी काहील नुकती चढवलेली, बैल चरकाभोवती फिरताहेत, आणि जमलेल्या गड्यांनी सयाजीला धरलं. इटलीचं काहीतरी सांग.

"इटलीचं काय सांगू? खाटंवर पडून छत बघितलं," सयाजी म्हणाला. "पर शेजारच्या खाटंवर तोमास म्हणून एक गडी हुता. पलटण अमेरिकेची, पर मूळचा ग्वाटेमाला म्हणून देश हाय, तिथल्या डोंगरातला. रंगानं आपल्यागतच. नर्सबाया त्याला माझा भाऊ समजायच्या. त्याची जमात मायांची, लय जुनी. मक्याची भाकरी खात्यात."

"अन् बोलायचा कशात?" लियाकतनं विचारलं.

"इंग्रजीत. त्याचं बी मोडकं, माझं बी मोडकं, म्हणून तर जमलं. तर गड्यांनो, त्यांचं पंचांग ऐकण्यासारखं हाय. त्यांच्यात मोजण्या दोन. एक दोनशे साठ दिसांची. दर दिसाला एक नाव अन् एक आकडा. नावं वीस, आकडे तेरा, दोनी संगंच पुढं सरकत्यात. आकडे संपले की परत एकपासनं, नावं संपली की परत पयल्यापासनं. दुसरी मोजणी वरसाची. वीस दिसांचा म्हैना, असं अठरा म्हैनं. शेवटाला पाच दिस उरत्यात, ते वंगाळ. त्या दिसांत कुणी चांगलं काम काढत न्हाई."

गडी एकमेकांकडं बघायला लागले. लियाकत मात्र चरकाकडं बघत होता. "म्हंजी ह्येच की रं," तो म्हणाला. "एक ल्हान चाक, एक मोठं चाक."

"आत्ता कसं बोललास!" सयाजी किती दिवसांनी खुलला होता. "ल्हान चाकाच्या एका दाताला चुना लाव, मोठ्याच्या एका दाताला लाव. आज दोनी दात समोरासमोर हायेत. आता फिरव चरक. त्येच दोन दात परत कवा भेटतील? त्यांच्यात बावन्न वरसांनी भेटत्यात. तवा लय मोठा सण."

"अन् मधी कमीजास्त काय करत न्हाईत?"

"अजिबात न्हाई. तोमास म्हणायचा, दिस थांबत न्हाई, मग मोजणी का थांबवायची? इंग्रज चार वरसांनी एक दिस वाढवतोय त्याला बी तो हसायचा. म्या काय ऐकून घेतोय! म्या म्हणलं, मर्दा, आमचं पंचांग तुझ्यापरास हुशार. चंद्र बी सांभाळतंय, सूर्य बी सांभाळतंय. चंद्राचं वरीस तोकडं पडतंय म्हणून दर तिसऱ्या सालाला आमी आख्खा म्हैनाच वाढवतो. तुझ्यात हाय का असलं?"

"आमच्यात बी न्हाई वाढवत," लियाकत काहिलीत फळी हलवत म्हणाला. "चंद्र दिसला की म्हैना लागला. म्हणून तर रोजे कवा थंडीत येत्यात, कवा उन्हाळ्यात."

एका म्हाताऱ्या गड्यानं विचारलं, "वरसाचं कळलं. पर त्या ल्हान चाकाचा उपेग काय?"

सयाजीची जीभ अडखळली. "त्याची आई सुईण हाय," तो म्हणाला. "पोटुशी बाईचं दिस ती त्या फेऱ्यावर मोजती. एक फेरा पुरा झाला की मूल." आणि एवढं बोलून तो उठला, मोळ्या बघायच्या आहेत म्हणत लंगडत बाहेर गेला. लियाकतनं त्याच्या पाठीकडं बघितलं आणि काहीतरी पाणी मुरतंय हे ओळखलं.

घरची खबर आली त्या दिवशी तोमासनं सयाजीचा चेहरा वाचला होता. सयाजीनं त्याला बोटं दाखवली, आठ. तोमासनं मान हलवली आणि म्हणाला, तू महिन्यांची नावं मोजतोयस, दिवस मोज. पण नागपंचमी त्या साली कोणत्या तारखेला आली, हे सयाजीला तिथं कोण सांगणार? आणि खरं सांगायचं तर त्याला मोजायची भीतीच वाटली. आठाचे साडेसात निघाले तर काय घ्या!

या गोष्टीला चार दिवस झाले असतील, आणि खंडाळ्याहून रंगूबाई आल्या. रंगूबाई म्हणजे अंजनाची आई. बाई अंगानं काटकुळी, पण आवाज असा की ओढ्यापलीकडच्या बैलांनी कान टवकारावेत. मोटारीनं कऱ्हाड, तिथून मिळेल त्या गाडीनं, अशी दीड दिवस धूळ खात त्या आल्या, आणि मांडीवरचं झाकलेलं तबक त्यांनी वाटेत कुणाच्या हातात दिलं नाही. आल्या आल्या त्यांनी पाट मांडायला लावला आणि जावयाला गुऱ्हाळावरून बोलावून आणलं. सासूपुढं कुणाचं चालतंय? सयाजी तोंड पाडून पाटावर बसला. रंगूबाईंनी तबकावरचं फडकं काढलं. आत तेहतीस अनारसे आणि वर तुपाचा दिवा.

"हे कशापायी?" सयाजीनं विचारलं.

"कशापायी म्हंजी? धोंड्याचं वाण हाय, जावईबापू. जावयाला द्याचंच आसतं."

शालूबाई हसल्या. "विहीणबाई, धोंड्याचा म्हैना सरून वरीस व्हत आलं की. आता कशाचं वाण?"

"आवं, सरला तर सरला! जावई तवा रणात हुता. म्या देवाला सांगून ठिवलं, आज न्हाई तर उद्या, पर त्याच्या तोंडात माझ्या हातचा अनारसा पडल्याबिगर मी काय गप बसत न्हाई. खावा जावईबापू."

सयाजीच्या हातातला अर्धा खाल्लेला अनारसा तोंडापर्यंत येऊन थांबला. "धोंड्याचा म्हैना? कवा आल्ता?"

"गेल्या साली न्हाई व्हय? पाडव्याच्या आधी. दोन चैत आलं की. पयला धोंड्याचा, मागनं निजाचा."

सयाजीचे ओठ हलायला लागले. पौष, माघ, फाल्गुन, चैत्र, चैत्र... आता बघा, हाच तो गडी. समुद्रापलीकडच्या माणसापुढं यानं धोंड्याच्या महिन्याची फुशारकी मारली होती. आमचं पंचांग आख्खा महिना वाढवतं म्हणाला होता. आणि स्वतःच्या लेकीचे दिवस मोजताना तोच महिना विसरला! घरी असता तर विसरला नसता. घरी असता तर सासूनं वाण दिलं असतं, मेव्हण्यांनी थट्टा केली असती, धोंड्याचं पुरण तोंडात पडलं असतं. पण तो महिना त्यानं खंदकात चिखल तुडवत काढला, आणि पाडवा कधी आला आणि गेला हेही त्याला कळलं नाही. वैशाख, ज्येष्ठ, आषाढ, श्रावण. नऊ!

तो पाटावरून असा उठला की दिवाच विझला. हातात अर्धा अनारसा, पायात वहाण नाही, आणि गडी दाराबाहेर.

"अगं बया, इक्तं गोड लागलं व्हय?" रंगूबाई म्हणाल्या.

मोडलेल्या मांडीचा माणूस एवढा पळू शकतो, हे त्या दिवशी कुंडलच्या शिवारानं पाहिलं. गुऱ्हाळावर इतर गडी ऊस आणायला गेले होते आणि लियाकत एकटाच काहिलीपाशी होता. सयाजीनं धापा टाकत त्याला सगळं सांगितलं. डोक्यातला भुंगा, आठ महिने, दोन चैत्र, सगळं. लियाकत ऐकत राहिला आणि शेवटी त्यानं एकच शब्द उच्चारला.

"गाढवा."

"व्हय," सयाजी म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं.

एकदा जिंकलेल्या माणसाचं एकदा जिंकून भागत नाही. सयाजीला आता सगळीकडून जिंकायचं होतं. लियाकतही पेटला. "थांब," तो म्हणाला. "तू रजेवर आलास त्या हप्त्यात आमची बकरी ईद हुती. माझ्या घरी येऊन मटान हाणलंस, आठवतंय?"

"आठवतंय."

"अन् पोरगी झाली तवा रोजे नुकतेच लागल्याले. माझ्या बायकूनं, सुगराबीनं, रोजा धरून तुझ्या घरी खारका पोचवल्या. आता मोज." लियाकतनं उलथण्यासारख्या हातानं बोटं उघडली. मोहरमपासून रमजानपर्यंत तो एकेक महिना बोलला आणि एकेक बोट मिटत गेला. नऊ. "आमच्यात म्हैना वाढवायची भानगडच न्हाई. तवा चुकायची बी सोय न्हाई."

"इंग्रजी!" सयाजी ओरडला. रजेची तारीख त्याला पाठ होती, एकवीस नोव्हेंबर. पण नागपंचमी?

"जपान पडला त्याच्या दोन-तीन दीस आधी," लियाकत म्हणाला. "शाळंत साखर वाटली त्या दिशी तुझी आई आमच्या दारात आली हुती, माझा ल्योक आता परत येतोय म्हणून. पोरगी तवा पाळण्यात हुती, दोन-तीन दिसांची."

जपान पडला तो दिवस सयाजीला विसरणं शक्यच नव्हतं. पंधरा ऑगस्ट. इस्पितळातले सगळे लंगडेपांगळे त्या दिवशी खाटांवर उभे राहून गात होते, आणि तोमासनं त्याच्या गळ्यात पडून आपल्या भाषेत काहीतरी म्हटलं होतं. सयाजीनं चुलवणाजवळचा विझका कोळसा उचलला आणि गुऱ्हाळाच्या चुना दिलेल्या भिंतीसमोर उभा राहिला. तोमास मोजायचा तसाच तो मोजायला लागला. एका दिवसाला एक ठिपका, पाच दिवसांना एक आडवी रेघ, चार रेघा झाल्या की एक ओळ. महिना तीसचा की एकतीसचा हे तो मुठीच्या उंचवट्यांवर बघत होता. नोव्हेंबर संपला, डिसेंबर संपला. लियाकत मागून ओरडत होता, "फेब्रुवारीला अठ्ठावीस रं, जास्त घेऊ नगंस!" ओळीखाली ओळ येत गेली. तेरावी ओळ भरली, दोनशे साठ झाले, फेरा पुरा झाला आणि वर तीन-चार ठिपके उरले.

सयाजीनं कोळसा फेकला आणि दोन्ही हात वर करून अशी आरोळी ठोकली की चरकाचे बैल बुजले. "तोमास! मर्दा, फेरा पुरा हाय! पुरा हाय!" लियाकतनं त्याला कवेत घेतलं आणि दोघं काळ्या हातांनी, गुळाच्या वासात, लहान पोरांसारखे नाचले. आपलं पंचांग, मुसलमानी चंद्र, इंग्रजी तारीख आणि दर्यापारच्या मायांचा फेरा, चौघांचा निवाडा एक झाला होता. एवढ्यात काहिलीतून करपट वास आला. त्या दिवसाची ढेप जरा काळपटच निघाली, पण लियाकतनं त्याबद्दल आयुष्यात एकदाही हूं की चूं केलं नाही.

घरी परत जाताना मात्र सयाजी हळूहळू चालला. आता अंजनाला सांगायचं होतं. गप्प बसता आलं असतं, पण महिनाभर गप्प बसून त्यानं काय मिळवलं होतं? परसात ती पोरीची दुपटी वाळत घालत होती. रंगूबाई आणि शालूबाई देवळात गेल्या होत्या. सयाजी परसातल्या चुलीच्या कडेला बसला आणि त्यानं खाली मान घालून सगळं सांगून टाकलं.

अंजनाच्या हातातलं दुपटं तसंच राहिलं. "म्हंजी पोरगी झाली म्हणून तुमी रुसला नव्हता?"

"न्हाई."

"मला वाटलं, तुमास्नी लेक नगं हाय." तिचा आवाज चढला. "ह्ये तर त्याच्यापरास वंगाळ! लियाकतभावजींस्नी इचारलंसा. भिंतीला इचारलंसा. दर्याच्या पल्याडच्या माणसाला इचारलंसा. चार पंचांगं धुंडाळली, अन् मला एका शब्दानं इचारलं न्हाई? मी हितंच हुते की. म्हैनाभर तुमच्या म्होरं भाकरी वाढत हुते."

सयाजीनं मान वर करून तिच्याकडं बघितलं. "चुकलो," तो म्हणाला. पलटणीत त्यानं हा शब्द कुठल्या गोऱ्या साहेबापुढंही उच्चारला नव्हता.

अंजना रडली नाही. तिनं दुपटं दोरीवर नीट पसरलं, पदर खोचला आणि नवऱ्यासमोर उभी राहिली. "मग आता मी सांगते तसं करायचं. ल्योक झाल्यावर गूळ वाटत्यात न्हवं? आपल्या लेकीचा गूळ वाटायचा. ताटलीनं न्हाई, गाडीनं. कुंडलच्या भर बाजारातनं. तुमी बिल्लं लावून म्होरं चालायचं अन् पोर तुमच्या खांद्यावर. अन् तिचं नाव आत्या न्हाई ठिवणार, मी ठिवणार."

"लोक इचारतील की, पोरीचा कुठं गूळ वाटत्यात व्हय?"

"सांगा, बायकूनं सांगिटलं."

सयाजी उठला. त्यानं पाळण्यातून पोर उचलली. सहा महिन्यांचा तो ऐवज त्याच्या मिशा ओढायला लागला, आणि त्याला असं भरून आलं की हसावं की रडावं हेच कळेना. देवळातून शालूबाई आल्या, गुळाचं ऐकलं आणि नेहमीसारख्या म्हणाल्या, "आरं, लेकीचा कसला गूळ?" सयाजीनं पोर छातीशी धरली. "आई, गूळ माझा, पोरगी बी माझी," तो म्हणाला. घरी आलेल्या दिवसापासून तो हे पहिल्यांदा म्हणत होता.

बारसं झालं. अंजनानं पोरीच्या कानात स्वतः नाव सांगितलं, इंदू. दुसऱ्या दिवशी बाजार होता. लियाकतनं खास सोनेरी गूळ पाडला होता. गाडीत ढेपा रचल्या, बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावला, पुढं हलगी लावली, आणि पलटणीचा नाईक सयाजी तीन बिल्ले लावून, लंगडत, खांद्यावर लेक घेऊन भर बाजारातून निघाला. मागं गाडीत अंजना आणि रंगूबाई बसल्या होत्या. रंगूबाईंचा आवाज हलगीच्या वर चालला होता, "घ्या, माझ्या नातीचा गूळ घ्या!" लोक दुकानातून बाहेर आले. काही हसले, काहींनी तोंडात बोटं घातली, पण गूळ सगळ्यांनी घेतला. बायका गाडीजवळ येऊन इंदूवरून कानशिलावर बोटं मोडायला लागल्या. अंजना ताठ बसली होती, आणि त्या दिवशी कुंडलच्या बाजारात तिच्याएवढी ताठ बसलेली दुसरी बाई नव्हती.

वेशीजवळ एका म्हाताऱ्यानं सयाजीला अडवलं. लढाई, इटली, गोरे लोक, सगळं विचारून झालं आणि मग त्यानं पोरीच्या गालाला हात लावला.

"किती म्हैन्याची रं?"

सयाजीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. तो मागं वळला. "अंजना," त्यानं हलगीच्या वर आवाज चढवून विचारलं, "किती म्हैन्याची गं?"

गाडीतून खणखणीत उत्तर आलं, "सहा पुरं झालं, सातवा लागलाय!"

"ती म्हणती तेच खरं," सयाजी म्हाताऱ्याला म्हणाला, आणि त्यानं त्याच्या ओंजळीत गूळ ठेवला.